पाहुण्यांसाठी ठेवलेला सुलू

मी एक जुना सुलू आहे, मित्रांनो, आणि हल्ली एका कबरीवर पांघरलेला असतो. माझा निळा रंग वरच्या बाजूने उडाला आहे. मातीकडची बाजू अजून निळी असावी. मला ती दिसत नाही.

सुलू म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड. त्याला शिवण नसते, नाडी नसते, खिसा नसतो. आमच्या फिजीत बायका, बाप्ये, लेकरं सगळीच आम्हाला नेसतात. आमच्यात बाळं झोपतात, आमच्यात अळूचे कंद बांधून घरी येतात, आणि माणूस न्हाऊन आला की त्याचं अंगही आम्हीच पुसतो. त्यामुळे कामाची तक्रार मी कधी केली नाही.

माझा जन्म कोणत्या गिरणीत झाला हे मला ठाऊक नाही. आठवतं ते सावुसावूच्या बाजारातलं परभूशेटचं दुकान. तिथे मी एका लांबलचक ताग्याचा भाग होतो. एके दिवशी वाइसासा गावची तराइविनी दुकानात आली. सोबत तिची मुलगी लाइसानी होती. तराइविनी अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून भक्कम. तिने माझ्यावर हात फिरवला आणि माझं टोक चुरगाळून पाहिलं.

"हा गडद दे रे, दोन वार. पांढऱ्या पायांवर फिकं शोभत नाही."

"कुणाचे पांढरे पाय?" परभूशेटने विचारलं.

"पाहुण्यांचे. माझ्या पोरीनं नवा उद्योग आणलाय घरी. परदेशातली पोरंपोरी येणार, शाळा रंगवणार, पाण्याच्या टाक्या बांधणार. आणि येणार कशी? चड्डीवर!"

"मग दोन वारांत कसं भागेल? ते लोक ताडासारखे वाढलेले असतात."

"मी उंचीला घेतेय का? रुंदीला घेतेय."

लाइसानी लाजून दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. परभूशेट हसत हसत मला कापत होता. कापलं जाणं दुखत नाही, मित्रांनो. ताग्यातून सुटल्यावरच आपण कोणाचे तरी होतो.

लाइसानी सावुसावूतल्या एका लहानशा संस्थेत काम करायची. सेवेसाठी आलेल्या मुलांना बोटीने वाइसासाला आणायचं आणि गावात नीट वागायला शिकवायचं, हे तिचं काम. ती मला सोबत बोटीतच ठेवायची. किनारा दिसू लागला की ज्याचे गुडघे उघडे असतील त्याच्या कमरेला मी गुंडाळला जायचो. मग तराइविनीच्या घरी चटईवर पाहुण्यांच्या पिशव्या उघडल्या जायच्या. काय काय निघायचं त्यांतून! कपाळाला बांधायचे दिवे, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, तीन तऱ्हेचे बूट, आणि खांद्यावर फक्त दोन दोऱ्या असलेले सदरे. लाइसानी एकेक कपडा उचलून बाजूला करायची. गावात चालेल तो इकडे, पिशवीतच राहील तो तिकडे. तिकडचा ढीग नेहमी मोठा असायचा.

"हे काय आहे गं? रुमाल?" तराइविनी एखादी चड्डी दोन बोटांत धरून विचारायची.

"आई, ठेव ते खाली."

"नाही, मला कळू तरी दे. एवढ्याशा कापडात हिची आई हिला घराबाहेर सोडते तरी कशी? कापड महाग आहे का तुमच्याकडे, पोरी?"

पोरी लाल व्हायच्या आणि मग हसायच्या. तराइविनी त्यांना उभं करून मला त्यांच्याभोवती दोन वेढे द्यायची, टोक कमरेशी खोचायची आणि वरून एक चापटी मारायची. "आता माणसात आलीस. मला आई म्हण, आणि जेवायला बस."

बाकीचं लाइसानी सांगायची. गावात टोपी घालायची नाही, काळा चष्मा डोक्यावर चढवायचा नाही. चपला दाराबाहेर काढायच्या. बसलेल्या माणसांच्या मधून जाताना वाकून जायचं. मोठी माणसं बोलत असतील तर खालच्या मानाच्या दाराशी बसायचं आणि कोणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. ती हे इतक्या वेळा सांगायची की मलाही पाठ झालं होतं. पाद्रीबुवा एकदा प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तराइविनीच्या घरातून बाहेर पडलेला पाहुणा लांबूनही ओळखू येतो." त्या दिवशी मी एका सहा फुटी मुलाच्या कमरेला होतो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मानाचा दिवस.

मग गावचे सरदार वारले.

मोठा सरदार गेला की आमच्याकडे शंभर रात्रींचा दुखवटा असतो. गाव काळं नेसतं. समोरच्या समुद्रातलं प्रवाळ मासेमारीला बंद होतं. पोरांचे खेळ थांबतात. कोणी मोठ्याने हाक मारत नाही, कोणी धावत नाही. तान्हं मूल रडलं तरी आई त्याला घेऊन माडांमागे जाते. मी मूळचा निळा, पण इतका गडद की दुखवट्यात काळ्याच्या जागी खपून गेलो.

त्याच दिवसांत हॉलंडहून माइके नावाची मुलगी आली. लाइसानीने तिला आधी कळवून पाहिलं होतं की या वेळी येऊ नकोस. पण तिकीट काढून झालं होतं आणि शाळेची टाकी गळत होती. माइकेने मात्र सांगितलेलं सगळं जसंच्या तसं केलं होतं. पिशवीत लांब घागरे, बाह्यांचे सदरे, काळी शाल, आणि सरदारांच्या घरी मान म्हणून ठेवायला, जिच्यापासून यांगोना हे पेय करतात त्या मुळीची जुडी. लाइसानीला नाकारायला एकही कपडा सापडला नाही. तरी सवयीने तिने बोटीत मला तिच्या कमरेला गुंडाळलं.

"गावात पळायचं नाही. ओरडायचं नाही," लाइसानी म्हणाली. "या दिवसांत तर मुळीच नाही. आमच्या गावात फक्त चोर पळतो."

माइके हसली. "मी चोर नाही."

"मग चालत जा."

घरी तराइविनीने तिला नाव विचारलं आणि कपाळावर हात मारला. "माइका? अगं, माइका म्हणजे बाप्या! माझा थोरला दीर आहे त्या नावाचा. त्याच्या डोक्यावर एक केस नाही, आणि तुझ्या बघ केवढे!" ती हे कुजबुजत बोलली, कारण दुखवटा होता. पण तराइविनीची कुजबूजसुद्धा तीन घरं ऐकू जायची.

माइके शिकायला हुशार निघाली. ती वाकून चालायची, मांडी मोडून बसायची, आणि कोणी काही दिलं की दोन्ही हातांनी घ्यायची. म्हाताऱ्या बायका तिच्याकडे बोट दाखवून आपल्या नातींना टोमणे मारायच्या. "ही बघा परक्या मुलखातली, आणि तुम्ही बघा!" तराइविनीला त्याचं भारी कौतुक. ती माइकेला सगळीकडे सोबत न्यायची. लाइसानी आठवड्याला एकदा यायची तेव्हा तिला आपल्या जागेवर माइके बसलेली दिसायची. ती चहा घेऊन दुसरीकडे बसायची.

त्या सकाळी तराइविनी आणि माइके चटयांसाठी पानं तोडायला मळ्यात गेल्या होत्या. दुखवटा उठवायच्या दिवशी सरदारांच्या घरी नव्या चटया लागतात आणि तराइविनीच्या वाट्याला त्यातली सगळ्यात मोठी आली होती. पानं काटेरी असतात, म्हणून माइकेने मला घट्ट गुंडाळून घेतलं होतं. तराइविनी काहीतरी सांगत होती, बहुधा त्या टकल्या दिराबद्दल. मध्येच ती थांबली. तिने कोयता अगदी जपून खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी बसली.

"आई?" माइके म्हणाली.

तराइविनीने छातीवर मूठ दाबून धरली होती. तिच्या ओठांचा रंग मला ओळखू येईना. "जा," ती म्हणाली. "विलिकेसाला सांग."

विलिकेसा हा तराइविनीचा धाकटा भाऊ, गावचा कारभारी. तो त्या वेळी सरदारांच्या घरी वडीलधाऱ्यांबरोबर बसला होता.

माइके पळाली. मित्रांनो, ती फार चांगली पळाली. तिने मला दोन्ही मुठींत धरून गुडघ्यांच्या वर ओढलं आणि मळ्याची वाट, ओढा, चढण अशी ती सुसाट गेली. माझं एक टोक काट्याला अडकून फाटलं, ते तिला कळलंही नाही. मग गावाच्या कडेचा नीरफणस आला. त्या झाडापाशी गाव सुरू होतं.

तिथे ती थांबली.

तिने मला खाली सोडलं. गुडघे झाकले, घोटे झाकले, टोक नीट खोचलं. उन्हासाठी डोक्यावर घेतलेली टोपी काढून हातात धरली. आणि ती चालू लागली. तिची छाती धपापत होती, पोटऱ्या थरथरत होत्या, आणि मी तिच्या पावलांबरोबर संथ हलत होतो, जसा प्रार्थनेला जाताना हलायचो.

सरदारांच्या घरी लांबून आलेल्या पाहुण्यांचा मान चालला होता. एक म्हातारा मुळीची जुडी पुढे ठेवून बोलत होता. अशा बोलण्याला आमच्याकडे घाई नसते. त्यात पूर्वज येतात, गावं येतात, दोन घराण्यांची सोयरीक येते. माइकेने चपला काढल्या. ती वाकून आत गेली, खालच्या दाराशी मांडी मोडून बसली, आणि तिने मला गुडघ्यांवर सारखं केलं. तिचे हात माझ्यावर होते. इतके गार हात मला कधी लागले नव्हते. समोरच्या एका आजीने तिच्याकडे पाहून समाधानाने मान डोलावली.

म्हातारा बोलत राहिला. मग टाळ्या झाल्या. मग दुसऱ्या बाजूने उत्तराचं बोलणं सुरू झालं, तेही पुरं झालं. तेव्हा कुठे विलिकेसाची नजर दाराकडे गेली.

"काय गं, माइका?"

माइके हळू आवाजात म्हणाली, "आई मळ्यात पडली आहे."

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते मी विसरणार नाही. विलिकेसा यांगोनाच्या परातीवरून उडी मारून बाहेर आला. परात उलटली. मघाशी बोलणारा म्हातारा सगळ्यात आधी ओरडला, "बोट काढा! बोट!" बायका ओरडल्या, पोरं धावली, कुत्री भुंकली. इतक्या दिवसांची शांतता एका श्वासात मोडली आणि ती मोडल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. मान डोलावणारी आजी काठी टाकून धावत होती.

मळ्यात पोचल्यावर विलिकेसाने मागे वळून हात पुढे केला. "सुलू दे!"

माइकेने मला सोडून त्याच्या हातात दिलं. दोन बांबूंना माझी टोकं बांधून माझी झोळी झाली आणि तराइविनीला माझ्यात ठेवलं गेलं. माइके आतल्या आखूड चड्डीवर मळ्यात तशीच उभी राहिली. ती तशी गावातून किनाऱ्यापर्यंत आली. तिच्या गुडघ्यांकडे कोणी पाहिलं नाही.

तराइविनी जड होती. मी तिला अनेक वर्षं ओळखत होतो, पण तिचं वजन मला त्या दिवशी कळलं. बोटीत तिचं डोकं माझ्यावर होतं. खाडीच्या तोंडाशी, जिथून लाटा उंच होतात, तिथे ते आणखी जड झालं. विलिकेसाने इंजिन बंद केलं नाही. तो सावुसावूपर्यंत तसाच नेत राहिला.

दवाखान्यात लाइसानी धावत आली. तिने नर्सला एकच विचारलं, "आधी आणलं असतं तर?"

नर्स वयस्क होती. ती म्हणाली, "सांगता येत नाही, पोरी." तिने खोटं सांगितलं नाही. खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं का, हा विचार मी अजून करतो.

तराइविनीला पुरायच्या आदल्या दिवशी गावोगावची माणसं चटया आणि कापडं घेऊन आली. लाइसानीने सगळ्यांचं स्वागत केलं, सगळ्यांना जेवू घातलं. रडायची वेळ आली तेव्हा ती रडली, आणि थांबायची आली तेव्हा थांबली. माइकेशी ती बोलली नाही. माइके मागच्या बाजूला भांडी घासत होती.

काही दिवसांनी माइके मुळीची जुडी घेऊन घरी आली. तिच्या वतीने बोलायला तिने त्या आजीलाच आणलं होतं. आमच्याकडे माफी अशीच मागतात. ज्याचं चुकलं तो जुडी पुढे ठेवतो आणि मान खाली घालून बसतो. आजी बोलली. लेकरू परकं आहे, म्हणाली, लेकराला कळलं नाही. घरातला वडील माणूस म्हणून विलिकेसाने जुडीला हात लावला. त्याचे डोळे लाल होते.

"आम्ही हे स्वीकारलं," तो म्हणाला. "हे आता पुरलं गेलं. या घरात कोणी पुन्हा हा विषय काढणार नाही."

सगळ्यांनी रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. मी दाराच्या दोरीवर वाळत होतो. मागे बायकांत बसलेल्या लाइसानीचे हात मला दिसत होते. तेही टाळ्या वाजवत होते, पण त्यांचा आवाज येत नव्हता.

माझ्यावर डाग राहिले होते. लाइसानीने मला पुन्हा नळावर नेलं. ती मला दगडावर घासत असताना माइके आली आणि बादली भरून देऊ लागली.

"कुठपर्यंत पळालीस?" लाइसानीने वर न पाहता विचारलं.

"त्यांनी सांगितलंय की हा विषय..."

"मामाचं सोड. मी विचारतेय."

"नीरफणसाच्या झाडापर्यंत."

"आणि मग?"

"मग गाव लागलं."

लाइसानी मला घासत राहिली. "दाराशी किती वेळ बसलीस?"

"दोघांची भाषणं संपेपर्यंत. मला वाटत होतं आता संपेल, आता संपेल. आजी माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, मी बरोबर बसलेय."

"मूर्ख!" लाइसानी म्हणाली. "माणूस मरत असताना कोण बसतं? आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा ओरडलं असतं. कुणी शिकवलं तुला असं बसायला?"

माइकेने उत्तर दिलं नाही. ते उत्तर तिला ठाऊक होतं, मलाही होतं. मित्रांनो, मी अनेक पाहुण्यांच्या कमरेला राहिलो आहे, पण इतकं अदबीचं वागणं दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही.

लाइसानीचे हात थांबले. नळ वाहत होता.

"मी शिकवलं," ती अखेर म्हणाली. "काय करायचं नाही ते सगळं सांगितलं. ते कधी मोडायचं, हे सांगायचं मला सुचलंच नाही. आम्हाला कुणी सांगत नाही ना ते. आम्हाला ते असंच येतं."

माइके रडू लागली. लाइसानीने तिला जवळ घेतलं नाही. तिने माझं एक टोक माइकेच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि दोघींनी मला पिळलं. त्यांनी मला इतकं पिळलं की मळ्यात फाटलेली माझी कड आणखी वीतभर उसवली. मी हूं केलं नाही.

सरदारांच्या शंभर रात्री संपल्या तेव्हा मोठं जेवण झालं. गावाने काळं सोडून फुलाफुलांचं नेसलं. पोरं इतक्या दिवसांचं साठलेलं ओरडून घेत होती. एकच घर काळं राहिलं, कारण त्या घराचा दुखवटा पुढे चालू होता. दुसऱ्या दिवशी माइके गेली. लाइसानी तिला बोटीपर्यंत सोडायला गेली. दोघी काय बोलल्या, किंवा बोलल्या की नाही, ते मला माहीत नाही. कारण तोवर लाइसानीने मला टेकडीवर आणून तराइविनीवर पांघरलं होतं. चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले होते.

तेव्हापासून मी इथे आहे. ऊन मला खातं, पाऊस मला कुजवतो. सुरुवातीला गावातल्या बायका येऊन मला सारखं करायच्या. आता क्वचित येतात. त्यांना कामं असतात. इथून बोटी लागतात तो किनारा मात्र स्वच्छ दिसतो.

परवा लाइसानी नवे पाहुणे घेऊन आली. तिच्या हातात नवा सुलू होता, लाल. एका उंच मुलीला तिने किनाऱ्यावरच तो नेसवला, टोक खोचलं. मग ती दोन पावलं मागे सरली.

"आता पळ," ती म्हणाली.

"काय?"

"त्या चर्चच्या दारापर्यंत पळ. सुलू वर धर आणि पळ. आणि ओरड."

"काय ओरडू?"

"काहीही. माणसं घराबाहेर येतील असं ओरड."

मुलगी बावरून इकडेतिकडे बघू लागली. विलिकेसा जाळं खांद्यावर घेऊन चालला होता. तो थबकला. "अगं, पाहुण्यांना गावात पळवतेस? तुझ्या आईनं हेच शिकवलं का तुला?"

"आईनं शिकवलेलं मी सांगतेच, मामा. ते सगळं सांगते. हे माझं."

विलिकेसाने जाळं खाली ठेवलं आणि तो वाटेतून बाजूला झाला.

ती मुलगी पळाली. नवा सुलू तिच्या पायांत अडकला. ती पडता पडता सावरली आणि मग इतक्या जोरात ओरडली की कोंबड्या उडाल्या, दारं उघडली, माणसं बाहेर आली. काही जण हसले. लाइसानी हसली नाही. "पुन्हा," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या कापडाने तुमच्याकडे काय मागावं? तुमच्या घरीही मानाची वस्त्रं असतील, मोठ्यांपुढे वागायच्या रीती असतील. त्या पाळा. मी त्यांच्यासाठीच विणला गेलो आणि मला त्याचा अभिमान आहे. पण समोर माणूस पडलेला असेल, तर आम्हाला जपू नका. आम्ही फाटलो तर शिवता येतं, मळलो तर धुता येतं. आणि नाही शिवता आलं, तर कुठेतरी पांघरून टाका. आम्हाला सवय आहे.